हळद भरलेलं अगर

अगरबत्तीत अगर असतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही. पूर्वी घालायचो. कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा, वर कसल्या तरी तेलाचे चार थेंब, आणि नाव काय तर अगरबत्ती! मी नबीलाल अत्तार. नेवासा तालुक्यातले बाजार फिरण्यात माझा जन्म गेला. कुंकू, हळद, बुक्का, ऊद, सुरमा आणि अत्तर विकलं, पण खरं अगर आयुष्यात दोनदाच हुंगलं. एकदा वडिलांच्या डबीत, नखाएवढं. दुसऱ्यांदा गहिनीनाथाच्या मळ्यात, त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात, कुऱ्हाडी घेऊन उभ्या असलेल्या माणसांच्या देखत. ती दुसऱ्या वेळची गोष्ट सांगतो. मधे बोलू नका, मला तोडलं की मी भलतीकडंच जातो.

गहिनीनाथ माझा शाळासोबती. तिसरीत आम्ही दोघं एकदमच नापास झालो आणि तेव्हापासून आमचं जमलं. पुढं तो लष्करात ड्रायव्हर झाला, आसामात जाऊन राहिला आणि बासष्ट साली पेन्शन घेऊन परतला. लष्करातून येणारा माणूस रेडिओ आणतो, कांबळी आणतो, चोरून रमची बाटली आणतो. त्याचा थोरला भाऊ भिमाजी बैलगाडी घेऊन बेलापूरच्या स्टेशनावर गेला, तेव्हा हा फलाटावर दूधपावडरचा डबा मांडीवर घेऊन बसलेला. डब्यात वीतभर रोप. चार दिवसांच्या प्रवासात स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्यानं त्या रोपाला पाजलेलं. भिमाजीनं विचारलं, ही कसली तुळस आणली? गहिनी म्हणाला, अगर. भिमाजीनं गाडीतलं रेडिओसाठी आणलेलं पोतं गुंडाळून ठेवलं आणि बैल मळ्याकडं हाकले.

रोप विहिरीच्या कडेला लागलं, जिथं गहिनीची बायको बनुबाई भांडी घासायची आणि खरकटं पाणी वाहून जायचं. तिनं त्याला पहिल्या दिवसापासून सवत म्हणायला सुरुवात केली. मी गेलो की म्हणायची, भाऊजी, ह्यांनी तिकडून सवत आणली, आन् तिला पानी घालायचं काम माझ्याकडं. पण घालायची. पुढं विहीर आटली, प्यायला टँकर यायला लागला, तेव्हासुद्धा भाजी धुतलेलं पाणी ती झाडालाच नेऊन ओतायची. तोंडानं मात्र सवतच.

दहा वर्षांत झाड घराच्या आढ्यावर गेलं. फळ नाही, नाव घेण्यासारखं फूल नाही, सावली म्हणावी तर एका शेळीपुरती. मी सालीला नाक लावून हुंगलं. काही नाही. पान चुरगळलं. काही नाही. म्हणालो, गहिनी, ह्या लाकडाला घेवड्याच्या वेलाइतकाही वास नाही, तुला फसवलं. तो हसला. लष्करात राहिलेल्या माणसाचं ते हसणं मला आवडत नाही, आपल्याला काहीच ठाऊक नाही असं वाटायला लावतं.

मग त्यानं मला समजावून दिलं. निरोगी अगराला वास नसतोच. झाडाला जखम व्हावी लागते, जखमेत एक ठरावीक बुरशी शिरावी लागते. मग त्या बुरशीला अडवायला झाड आतल्या आत काळी राळ तयार करतं, आणि ती राळ मुरलेलं लाकूड म्हणजे अगर. जंगलात हजार झाडांतल्या एखाद्यालाच ते आपोआप होतं. पण आसामात त्यांच्या छावणीशेजारी जंगलखात्याचे कोणी बरुआ साहेब होते. ते ही बुरशी बाटलीत वाढवायचे, झाडाला गिरमिटानं भोकं पाडायचे आणि भोकांत बुरशी भरायचे. गहिनी दोन महिने त्यांची जीप चालवत होता. सगळं त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं.

हे त्यानं पारावर सांगितलं, ती त्याची चूक. गावचे पोलीस पाटील, कारभारी पाटील, फार विचारी माणूस. त्यांनी विचारलं, म्हणजे चांगलं धडधाकट झाड मुद्दाम आजारी पाडायचं? गहिनी म्हणाला, होय. पाटील म्हणाले, आन् तू सरकारची पेन्शन घेतो. त्या दिवसापासून गावात कुणी शिंकलं तरी लोक गहिनीकडं बघायचे.

तोवर सगळी थट्टाच होती. बहात्तर साली ती संपली. पावसानं तोंड दाखवलं नाही, विहिरींना तळ लागले, आणि जो तो विहीर खोल करायच्या मागं लागला. त्यासाठी यारी लागते. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर रोवायचा तो लाकडी सांगाडा, त्यानं खालचा दगड-गाळ वर ओढतात. ह्या दोघा भावांच्या विहिरीला तीन बाजूंनी भराव, माती भुसभुशीत. चौथी बाजू तेवढी पक्की, आणि तिथं अगर उभं. भिमाजी म्हणाला, झाड निघंल. गहिनी म्हणाला, न्हाई निघणार. दोघं भाऊ पंधरा दिवस एका कुडाच्या दोन बाजूंना जेवले.

शेवटी मी मधे पडलो. मधे पडणं हा माझा जुना रोग. ठरलं असं, की यारीवाल्यांचा नंबर आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला येणार आहे. तोवर झाडानं वास दिला तर भिमाजी झाडाला हात लावणार नाही, यारी दुसरीकडं कशीही रोवील. वास नाही दिला तर गहिनीनं हूं की चूं न करता कुऱ्हाड चालू द्यायची. वास आहे की नाही हे कोण सांगणार? भिमाजी माझ्याकडं बघून म्हणाला, नबीलालचं नाक. मला त्या वेळी मोठा मान वाटला. गाढव होतो मी.

गहिनीनं बरुआ साहेबांना पत्र धाडलं. श्रावण लागता लागता एक लाकडी खोकं आलं. आत कापूस, कापसात काचेची नळी, नळीच्या तळाशी पांढरा-करडा बुरा. पोस्टमन म्हणाला, औषध फुटून बुरसलंय वाटतं, परत धाडू का? गहिनीनं ती नळी त्याच्या हातातून अशी घेतली, जसं बाळंतिणीच्या कुशीतून सुईणीनं मूल घ्यावं.

आता एका नळीनं अख्खं झाड कसं भरणार? ती वाढवायला हवी. त्यासाठी उकडलेलं धान्य लागतं, आणि त्या साली गावात धान्य एकच, रेशनचा लाल मिलो. बनुबाई कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, मानसं मिलो खाऊन पोट धरून बसल्यात, आन् ह्यो बुरशीला जेवाय घालतोय. पण त्यानं रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, मिलो शिजवून त्यात भरला, तोंडाला कापसाचे बोळे लावले आणि हंड्यात घालून पुन्हा तासभर उकळल्या. मग सुरू झालं ते सोवळं. बाटलीजवळ बोलायचं नाही. शिंकायचं नाही. आंघोळ केल्याशिवाय त्या खोलीत पाय ठेवायचा नाही. टँकरच्या दोन हंड्यांत घर चालवणारी बनुबाई म्हणाली, माझ्या भाकरीला बुरशी आली तर मी अजागळ, आन् ह्यांच्या बुरशीला विटाळ चालत न्हाई. मी तिच्या बाजूनं होतो, पण गहिनी म्हणाला, दुसरी एखादी बुरशी शिरली तर सगळं वाया, बापाच्या घरात दुसऱ्याचं पोर वाढायचं.

बाटल्या, उकडलेलं धान्य, कापसाचे बोळे आणि आंबूस वास, एवढं जमल्यावर हातभट्टीचा बोभाटा व्हायला किती वेळ लागतो? कारभारी पाटील दोन माणसं घेऊन आले. फडताळ उघडलं. बारा बाटल्या रांगेनं, आत मिलोला पांढरे केस फुटलेले. पाटलांनी एक बाटली उचलली, बोळा काढला आणि आत खोल श्वास घेतला. पुढचा आठवडाभर ते खोकत होते. पंचनामा कशाचा लिहायचा हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून लिहिलाच नाही. गहिनीला दुःख एकाच गोष्टीचं, बोळा काढल्यानं ती बाटली बाटली. उरल्या अकरा.

अकरा बाटल्या, म्हणून भोकं अकरा. सुताराकडून गिरमिट आणलं, गुडघ्यापासून वर चढत चढत खोडाला गोल फेऱ्यानं भोकं पाडली. शेवटचं शिडीवर चढून, फांद्या फुटतात तिथं. प्रत्येकात बुरसलेला मिलो ठासला आणि वर मेणबत्तीचं मेण. मी शिडी धरून होतो. बनुबाई पदर तोंडाला लावून उंबऱ्यात उभी होती. भोकांतून पाण्यासारखा रस पाझरत होता आणि ती त्याच्याकडं बघत होती. मी तेव्हा तिच्याकडं बघायला हवं होतं.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी गहिनी माझ्या दुकानात धावत आला. मुठीत कागदाची पुडी. म्हणाला, नबी, रंग धरला. खालच्या भोकाचं मेण काढून बघितलं, लाकूड पिवळंधमक. बरुआ साहेबांनी काळं सांगितलं होतं, पण आपली जमीन वेगळी, आधी पिवळं पडत असेल. मी पुडी उघडली. नाकाशी नेली. मग त्याच्याकडं बघितलं आणि पुडी पुन्हा बांधून टाकावीशी वाटली. पण नाकाला खोटं बोलायची सवय नाही.

म्हणालो, "गहिनी, ही हळद हाय. आन् माझ्याच दुकानातली हाय, पौषातल्या पोत्यातली."

आम्ही दोघं मळ्यात गेलो. बनुबाईनं काही लपवलं नाही. भोकं पाडली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे मेण उकरायची, आतली घाण काडीनं बाहेर काढायची, हळद भरायची आणि मेण परत लिंपायची. मेण तेच, बोटानं मऊ केलेलं. सहा महिने. आपल्याकडं पोराचा गुडघा फुटला तर हळद, विळीवर बोट कापलं तर हळद, बैलाच्या खांद्याला जू लागलं तर हळद. मुकं झाड, अकरा जागी भोसकलेलं, रडतंय, आणि घरात हळद आहे, तर बाईनं करायचं काय? ती म्हणाली, मला वाटलं तुमचं बुरशीचं येड तुमी करा, जखमंचं मी बघते. दोन्ही चालंल.

दोन्ही चालणार नव्हतं. हळदीनं बुरशी केव्हाच मेली होती. गहिनी तिथंच विहिरीच्या कट्ट्यावर बसला. नळी संपलेली, बाटल्या संपलेल्या, आणि आखितीला उरले दीड-पावणेदोन महिने. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, सगळ्या भोकांत? बनुबाई म्हणाली, वरचं सोडून. शिडीवर चढाय जमलं न्हाई मला. दोन दिवस त्यानं अन्नाला शिवलं नाही. मला विचाराल तर मला दोघांचाही राग आला होता, आणि दोघांचंही वाईट वाटत होतं, आणि त्या पायी मी त्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकांशी भांडलो.

आखितीच्या आठ दिवस आधी बनुबाई दुकानात आली. वीस वर्षांत तिनं माझ्याकडून कुंकू नि हळदीपलीकडं काही घेतलं नव्हतं. म्हणाली, भाऊजी, अत्तर द्या, भाचीच्या लग्नाला. कुठलं देऊ विचारलं, तर म्हणाली, ज्याचा वास लांबवर जाईल ते. मी मोगरा दिला. तिच्या माहेरी त्या साली एकही लग्न नव्हतं, ते मला ठाऊक होतं, तरी माझी ट्यूब पेटली नाही.

आखिती झाली आणि यारीवाले आले. त्यांचा मुकादम मच्छिंद्र, दोन्ही हात सुरुंगाच्या दारूनं काळवंडलेले. भिमाजी, गहिनी, कारभारी पाटील, निम्मं गाव. मला खुर्ची ठेवलेली. मी घरून निघताना काय केलं होतं ते आता सांगायला हरकत नाही. वडिलांची ती डबी रिकामी होती, पण तिच्या लाकडात वास होता. त्यात दोन दिवस दाबून ठेवलेला कापसाचा फाया मी कानात घालून आलो होतो. भोकाशी वाकायचं, फाया बोटात घ्यायचा, बोट भोकात घालायचं. आयुष्यात नाकाशी पहिली बेइमानी करायला निघालो होतो, आणि अल्लाकडं माफी आधीच मागून ठेवली होती.

पहिल्या भोकाशी वाकलो. मोगरा! असा की मागची माणसंसुद्धा म्हणाली, आहाहा. दुसऱ्या भोकात मोगरा. तिसऱ्यात हळद आणि मोगरा. झाडाच्या बुंध्याला जणू वरात लागली होती. माझाच मोगरा, माझ्याच हातानं भरलेली कुपी. बनुबाई भिंतीआड उभी, मान खाली. भिमाजीनं स्वतः हुंगलं. तो चिडला नाही, हीच मोठी पंचाईत. शांतपणे म्हणाला, लाकडाला मोगऱ्याचा वास येत न्हाई एवढं मलाबी कळतं, नबीलाल. पाटील हसले, मग सगळे हसले. माझ्या कानातला फाया कानातच राहिला. आता तो काढून उपयोग नव्हता.

गहिनी शिडी घेऊन आला. वर चढला, शेवटच्या भोकाचं मेण काढलं आणि चाकूनं आतलं लाकूड कोरून खाली आला. तळहातावर करंगळीच्या नखाएवढा तुकडा. काळा. मी बनुबाईला निखारा मागितला. तिनं चुलीतला निखारा खापरीवर आणला, मी त्यावर तो तुकडा ठेवला.

धूर आला आणि मला माझे वडील दिसले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, मी काही लपवलं नाही. म्हणालो, हे आहे. खरं अगर. माझी मान कापा, पण हे खरं आहे.

भिमाजी वाकला, हुंगलं, नाक मुरडलं. म्हणाला, ह्यो? गोठ्यात बकरं बसल्यावानी वास येतोय. पाटलांनी हुंगलं, म्हणाले, त्यापेक्षा मोगरा बरा होता. सगळ्या गावानं एकेकानं वाकून हुंगलं आणि एकूण एक माणसानं तोंड वाकडं केलं. खऱ्या अगराचा वास पहिल्यांदा तसाच लागतो हो, जरा थांबावं लागतं, त्याची गंमत मागाहून येते! मी ओरडून ओरडून सांगितलं. पण ज्या माणसाचा मोगरा पकडला गेलाय, त्याचं अगर कोण खरं मानणार?

तेवढ्यात बनुबाई पुढं आली. थोरल्या दिरासमोर ती वीस वर्षांत बोललेली नव्हती. तिनं पदर पुढं ओढला आणि नवऱ्याला विचारलं, "वरची जखम भरली न्हाई, म्हनून ह्यो वास आला?"

गहिनी म्हणाला, "व्हय."

"आन् समद्या जागी आला असता, मी हळद घातली नसती तर?"

"व्हय."

तिनं बुंध्यावरच्या भोकांकडं बघितलं. मग म्हणाली, "तरीबी मी पुन्यांदा हळदच भरीन. मला बघवत न्हाई."

गहिनीनं तिच्याकडं बघितलं. शिडी उचलली आणि बाजूला ठेवली, म्हणजे कुऱ्हाडीला जागा व्हावी. दिलेला शब्द तो असा पाळायचा, आणि ते बघून माझा जीव तुटला.

भिमाजीनं मच्छिंद्राला खूण केली. मच्छिंद्र कुऱ्हाड घेऊन बुंध्याशी गेला, बोटानं एका भोकातलं पिवळं उकरलं, बघितलं आणि कपाळाला लावलं. कुऱ्हाड खाली ठेवली. भिमाजी म्हणाला, काय झालं? मच्छिंद्र म्हणाला, "मालक, ह्या झाडाला भंडारा भरलाय. सुरुंगाशी खेळनारी मानसं आमी. देवाचं झाड तोडून त्याच विहिरीत उतरायला आमी येडे न्हाई."

भिमाजीनं परोपरीनं समजावलं, की हा भंडारा नाही, ही स्वयंपाकाची हळद आहे, माझ्या भावजयीनं सहा महिने पहाटे उठून येडेपणानं भरलीये, इथं देवबिव काही नाही. मच्छिंद्रानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सहा महिने रोज पहाटे उठून हळद वाहिली ना? मग देव कशाला म्हनत्यात? तुमी तोडा, पन मग यारी दुसऱ्याची बघा. दुसरी यारी त्या उन्हाळ्यात पंचक्रोशीत मिळणार नव्हती. भिमाजी तासभर विहिरीत बघत बसला. मग पिंक टाकून म्हणाला, दगड गोळा करा, भरावावर पाया घालू. चार दिवस आम्ही सगळ्यांनी दगड वाहिले, मीसुद्धा, या कमरेनं.

पाचव्या दिवशी सकाळी बाजाराला निघालो होतो. मळ्यावरून जाताना बघतो तर गहिनी शिडीवर, आणि खाली बनुबाई हातात वाटी धरून. तो वाटीतून चिमटी घ्यायचा आणि वरच्या भोकात भरायचा. ज्या एका भोकानं आयुष्यात त्याला अगर दिलं, ते भोक तो हळदीनं बुजवत होता.

मी सायकल टाकली. म्हणालो, अरे येड्या, तिसरी नापास, हे काय करतोस? त्या एका भोकात अजून मूठभर तरी निघालं असतं. दहा वर्षं वाट बघितलीस ना रे? तो वरूनच म्हणाला, "आता हिला शिडीवर कुटं चढवू, नबी?"

बनुबाई वाटीत बघून हसत होती. शिडीचा एक पाय मऊ मातीत रुतून कलत होता. मला इतका राग आला होता की तोंडातून धड शिवीही निघेना, आणि बाजाराला उशीर होत होता. मी जाऊन शिडी धरली.